सोसायटीच्या गच्चीवर युद्धाची चर्चा घ्यायचीय? मग आधी विमानांचा कागद तयार करा

आधी माझीच फजिती सांगतो. ८ मे २०२५ ची रात्र, ऑपरेशन सिंदूरचा दुसरा दिवस, टीव्हीवर स्टुडिओतच सायरन वाजतोय, आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर एक क्लिप टाकली. रात्रीचं आकाश, एका विमानाच्या मागे लाल रेषांचा पाऊस, शेवटी भडका. खाली लिहिलं 'पाडलं!!' धडाधड अंगठे आले. दहा मिनिटांनी भाच्याचा मेसेज, मामा हा गेम आहे, आर्मा थ्री, मी रोज खेळतो. मग घरी येऊन त्याने फोनवर थांबवून थांबवून दाखवलं की भडका दिसतो त्याच क्षणी आवाज येतोय, खरं तर तीन किलोमीटरवरच्या स्फोटाचा आवाज यायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात, धुराचा गोळा प्रत्येक वेळी अगदी एकाच आकाराचा, आणि क्लिपची खालची पट्टी कापलीय कारण तिथे गेमचे आकडे असतात. डिलीट केली, पण तोवर ती तीन ग्रुपवर गेली होती.

त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे गोळीबार थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी, गच्चीवर 'चर्चा' ठेवली. पंचवीस मिनिटांत संपली. एकजण म्हणाला थांबायलाच नको होतं, दुसरा म्हणाला तुझा पोरगा पाठव, आणि ते दोघं अजून लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघत नाहीत. पण आम्ही सोडलं नाही, नंतर चार चर्चा घेतल्या आणि त्या बऱ्या झाल्या. त्यातून जे जमलं ते इथे लिहितोय, कुणाला मंडळात, कॉलेजात किंवा वाचनालयात घ्यायची असेल तर उपयोग होईल.

विषय एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात विमान असू द्या

'युद्ध हवं की नको' हा विषय घेऊच नका. त्यावर फक्त आवाज चढतात. वाक्य असं हवं की हो म्हणणाऱ्यालाही जरा विचार करावा लागेल. आमचं सगळ्यात चांगलं चाललेलं वाक्य होतं, 'हल्ल्याला उत्तर देताना हवाईदलाने सीमा ओलांडू नये.'

हे हवेतलं वाक्य नाही, १९९९ ला कारगिलमध्ये नेमकं हेच झालं होतं. २६ मेपासून हवाईदल उतरलं पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हा सरकारचा हुकूम होता. दुसऱ्याच दिवशी एक मिग-२१ आणि एक मिग-२७ पडलं, तिसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर. मग पद्धत बदलली, वरून उडायला लागले, मिराज २००० वर लेसर गायडेड बॉम्ब बसवले आणि २४ जूनला टायगर हिलवर टाकले. आता यावरून दोन्ही बाजूंना बोलता येतं. एक म्हणेल बंधनामुळे माणसं गेली, दुसरा म्हणेल बंधनामुळेच जग आपल्या बाजूने राहिलं. दोघांच्याही हातात तारखा आहेत, मग शिवी द्यायची गरज पडत नाही.

२०१९ च्या बालाकोटला आणि २०२५ ला उत्तर वेगळं दिलं गेलं, हे सांगायला कुणीतरी उठेलच, उठू द्या.

माणसं गोळा करताना

नाशिकमध्ये याबाबत आपण श्रीमंत आहोत. जुने लोक विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीला अजून एचएएल म्हणतच नाहीत, 'तो मिगला आहे' म्हणतात, म्हणजे ओझरच्या कारखान्यात. १९६४ ची स्थापना, तिथे विमानं होतायत, आधी मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई-३०, आणि आता तेजस. देवळालीला तोफखान्याची शाळा, इथल्याच गांधीनगरला आर्मीच्या हेलिकॉप्टर पायलटचं ट्रेनिंग. प्रत्येक कॉलनीत एकतरी रिटायर्ड माणूस सापडतोच.

त्यांना बोलवा, पण एक पथ्य पाळा. जे अजून नोकरीत आहेत त्यांना स्टेजवर बसवू नका आणि आत काय चाललंय ते कुणालाच विचारू नका, रिटायर्डला सुद्धा नाही. आमच्याकडे येणारे ओझरचे काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "पेपरात छापून आलंय तेवढंच बोलेन, चालेल का?" चाललं. छापून आलेलंही लोकांनी वाचलेलं नसतंच. आणि विमानतळाच्या कुंपणावरून काढलेले व्हिडिओ चर्चेत दाखवायचे नाहीत, हौस म्हणून काढले असले तरी.

दोन्ही बाजूंना तीन-तीन वक्ते पुरतात. त्यात एकतरी बाई असू द्या, आणि ती 'महिला प्रतिनिधी' म्हणून नको. आमच्याकडे एका द्राक्ष बागायतदार ताईंनी सांगितलं की २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, भाडं वाढलं, दिवस वाढले, आणि माल मात्र नाशवंत. तोवर युद्ध म्हणजे सीमेवरची गोष्ट असं समजणारे पिंपळगावचे दोन तरुण एकदम सरळ बसले.

विमानांचा कागद (इथे वेळ घालवा)

हे मुख्य काम. चर्चेच्या आठ दिवस आधी एका पानाचा कागद बनवा आणि दोन्ही बाजूंना तोच द्या. आमचा पहिला कागद मी एकट्याने बनवला होता आणि काकांनी लाल पेनने निम्मा खोडला. त्यांनी खोडलेल्या गोष्टींवरूनच सांगतो.

मी लिहिलं होतं, सुखोईचा पल्ला ३,००० किलोमीटर. काकांनी विचारलं, "जायचा का जाऊन यायचा?" तो आकडा एका टाकीत, उंचावरून, निवांत उडत गेलं तर एकूण अंतराचा आहे. लढायला गेलं की परत यायचं असतं, खाली उतरलं की इंधन भसाभसा जातं, अंगावर बॉम्ब लटकवले की हवेचा विरोध वाढतो, आफ्टरबर्नर, म्हणजे जादा जोरासाठी इंजिनाच्या मागे जास्तीचं इंधन जाळणं, लावला की विचारूच नका. म्हणून कागदावर पल्ल्याच्या शेजारी लिहायचं, 'हा एकूण पल्ला आहे, लढाईतला पल्ला निम्म्याहून कमी धरा'. हवेत इंधन भरता येतं हे खरं, पण त्यासाठी आपल्याकडे आयएल-७८ टँकर फक्त ६ आहेत, हेही तिथेच लिहा. मग 'आपली विमानं कुठेही जाऊ शकतात' हे वाक्य आपोआप बंद होतं.

मी लिहिलं होतं, सुखोई ब्रह्मोस नेतं. बरोबर, पण हवेतून सोडायचं ते क्षेपणास्त्र अडीच टनाचं आहे आणि विमानाच्या पोटाखाली एकच बसतं, त्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला. हे काम ओझरलाच झालं, २०१६ च्या जूनमध्ये ब्रह्मोस घेऊन सुखोई पहिल्यांदा इथूनच उडालं आणि २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरात ते पहिल्यांदा डागलं. नाशिककर म्हणून छाती फुगवायची तर इथे फुगवा, पण 'सगळी सुखोई ब्रह्मोसवाली' असं लिहू नका कारण तसं नाहीये.

मग संख्या. हवाईदलाला मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, ४२. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, १९६३ पासून सेवेत होतं, आणि स्क्वाड्रन उरल्या २९. एका स्क्वाड्रनमध्ये १६ ते १८ विमानं. म्हणजे १३ स्क्वाड्रनची तूट, साधारण सव्वादोनशे विमानं. तेजस मार्क-१ए च्या बंगळूरूच्या दोन लाइन (विमान जोडणीच्या) वर्षाला १६ आणि नाशिकची तिसरी लाइन ८, सगळं सुरळीत चाललं तर वर्षाला २४. भागाकार करा, नऊ-दहा वर्षं. त्या काळात जॅग्वार आणि मिराज म्हातारी होणार ते वेगळंच. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकच्या पहिल्या तेजसने ओझरहून उड्डाण केलं तेव्हा आमच्या ग्रुपवर फटाके फुटले, फुटायलाच पाहिजेत, पण कागदावर हा भागाकार पण पाहिजे.

आणि काकांचा लाडका प्रश्न, इंजिन कुठून येतं? तेजसचं इंजिन अमेरिकेचं, जीई कंपनीचं एफ-४०४. ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ ला दिली आणि त्यातलं पहिलं मार्च २०२५ ला हातात पडलं. सांगाडे तयार आणि इंजिन नाही अशी अवस्था झाली होती. सुखोईचं इंजिन ओडिशात कोरापुटला बनतं पण रशियन परवान्यावर. तेव्हा जो कुणी 'अमेरिकेला विचारायचं कशाला' असं म्हणेल त्याच्यासमोर नुसता हा मुद्दा ठेवायचा, वाद घालायची गरज नाही.

शेवटचं म्हणजे दुरुस्ती. काका म्हणतात, लोकांना वाटतं विमान म्हणजे मोटारसायकल, किक मारली की निघालं. ठरावीक तास उडलं की अख्खं उघडून, भाग तपासून, परत जोडावं लागतं, ओझरला हवाईदलाचा ११ नंबरचा बेस रिपेअर डेपो याच कामाला आहे. म्हणजे ताफ्यात अमुक विमानं आहेत याचा अर्थ उद्या सकाळी अमुक उडतील असा होत नाही, काही कायम टेबलावर असतात. कुठल्याही देशाची असोत. शत्रूची संख्या मोजताना पण हेच लावा, नाहीतर घाबरून जाल.

पैशाचं गणित

हे थोडक्यात उरकतो कारण इथे सगळे एकच चूक करतात. डिसेंबर २०२४ ला १२ सुखोईंचा करार झाला, साधारण १३,५०० कोटी. म्हणजे एक सव्वाअकराशे कोटीला. सप्टेंबर २०२५ ला ९७ तेजस, ६२,३७० कोटी, कर सोडून, म्हणजे एक साधारण ६४३ कोटीला. २०१६ चे ३६ राफेल, त्या वेळचे अंदाजे ५९,००० कोटी, म्हणजे एक सोळाशेच्या वर. आता लगेच कुणीतरी म्हणेल बघा राफेल महाग पाडलं किंवा सुखोईत पैसे खाल्ले. थांबा. एका करारात क्षेपणास्त्रं आणि सुटे भाग आणि खास बदल धरलेत, दुसऱ्यात वेगळं, वर्षं वेगळी, रुपयाचा भाव वेगळा. मंडपवाल्याने जेवणासकट रेट दिला आणि दुसऱ्याने नुसत्या खुर्च्यांचा, तर तुलना होते का? कागदावर आकड्याच्या पुढे 'यात काय काय आलं' हा रकाना ठेवा. भरता आला नाही तर तुलनाच करायची नाही.

दाव्यांसाठी तीन रकाने

माझ्या त्या क्लिपनंतर हे सुरू केलं. मोठ्या कार्डशीटवर तीन रकाने आखायचे, 'आपल्या सरकारने म्हटलंय', 'समोरच्याने म्हटलंय', 'तिसऱ्या कुणी दाखवलंय'. चर्चेत कुणी दावा केला की तो कुठल्या रकान्यात बसतो ते विचारायचं आणि तिथेच लिहायचं. 'माझ्या मित्राचा मेहुणा तिकडे आहे' याला रकाना नाही.

मे २०२५ चंच घ्या. पाकिस्तानने लगेच आपली अमुक विमानं पाडली म्हणून सांगितलं. आपल्याकडून सुरुवातीला यावर स्पष्ट काही नव्हतं. ३१ मे रोजी सिंगापूरला सीडीएस, म्हणजे तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख, जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं, आकडा दिला नाही आणि पाकिस्तानचा सहाचा आकडा चूक आहे म्हणाले. मग ९ ऑगस्टला हवाईदलप्रमुखांनी सांगितलं की पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान आपण पाडलं, ते पाकिस्तानने नाकारलं. हे सगळं तारखेनिशी रकान्यात गेलं की लोकांना दिसतं, खरं बाहेर यायला आठवडे आणि महिने लागतात. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत जो छातीठोक आकडा सांगतो तो एकतर प्रचार करतोय नाहीतर माझ्यासारखा अंगठ्यांच्या मागे लागलाय.

आणि नाशिककरांना यासाठी लांब जायची गरज नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, हवाईदलाचे सहाजण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहात आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. तेव्हा सगळीकडे 'हेलिकॉप्टर कोसळलं' एवढंच होतं. ऑक्टोबरमध्ये हवाईदलप्रमुख भदौरियांनी उघड सांगितलं की आपल्याच क्षेपणास्त्राने ते पडलं आणि ही मोठी चूक होती. चर्चेत हा विषय निघाला तर आवाज खाली घ्या, घाईत उत्तर देऊ नका, आणि त्याचा वापर कुठल्याच बाजूने गोल मारायला करू देऊ नका. आमच्याकडे एकाने केला होता. अध्यक्षांनी त्याला खाली बसवलं, पुढची दोन मिनिटं कुणीच बोललं नाही.

निर्णय कोण घेतो, हे आधीच सांगून टाका

निम्मी भांडणं 'संसदेने मत द्यायला पाहिजे होतं' आणि 'लष्कराला मोकळा हात द्या' या दोन वाक्यांवर होतात आणि दोन्ही बोलणाऱ्यांना आपल्याकडची पद्धत माहीत नसते. सेनादलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, कलम ५३, पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. प्रत्यक्ष ठरतं पंतप्रधान आणि संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र मंत्री यांच्या सुरक्षाविषयक समितीत. आधी संसदेत मतदान हवंच असा नियम नाही. संसद पैसे मंजूर करते आणि नंतर जाब विचारते, सिंदूरवर जुलै २०२५ च्या शेवटी दोन्ही सभागृहांत चर्चा झाली तशी. चीन युद्धात तर लढाई चालू असतानाच ८ नोव्हेंबर १९६२ ला अधिवेशन भरलं होतं.

इंग्लंडमध्ये २००३ ला इराकवर जायच्या आधी मतदान झालं, ४१२ विरुद्ध १४९. २०१३ ला सीरियावर हल्ल्याचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ ने पडला आणि तेव्हा विमानं गेलीच नाहीत. तेरा मतांनी! हे सांगितलं की गच्चीवर हमखास शांतता होते, आणि मग खरा प्रश्न येतो की आपल्याकडे असं हवं का, कारण तेरा मतं मोजेपर्यंत हल्ल्याची वेळ निघून गेली तर काय.

इथे मी दरवेळी यशवंतरावांची गोष्ट सांगतो. १९६२ ला हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, म्हणजे चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि १९६३ ला लोकसभेत गेले ते नाशिकमधून, बिनविरोध. मिगचा कारखाना ओझरला आला तो त्यांच्यामुळे, असं इथली जुनी माणसं आजही सांगतात. तर १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे आत घुसले, लष्कराने विमानांची मदत मागितली, आणि नाशिकच्या या खासदाराने दुपारी हवाईदल वापरायला परवानगी दिली. कुणाचं मतदान नाही. निर्णय योग्य होता असं मला वाटतं. पण संध्याकाळी जी विमानं लगेच पाठवता आली त्यात जुनाट व्हॅम्पायर होती आणि त्यातली चार त्याच संध्याकाळी पडली. नंतर व्हॅम्पायर पुढच्या फळीतून काढावी लागली.

मी हे मुद्दाम सांगतो कारण लोक इथे गडबड करतात. विमान जुनं होतं म्हणून निर्णय चूक असं होत नाही, आणि निर्णय बरोबर म्हणून विमान पुरेसं होतं असंही नाही. जावं का, आणि काय घेऊन जाता येईल, हे दोन प्रश्न, आणि ते वेगवेगळ्या माणसांना विचारायचे. चर्चेत सूत्रधाराने दर दहा मिनिटांनी हेच करायचं, बोलणाऱ्याला थांबवून विचारायचं की दादा आत्ता कुठल्या प्रश्नावर बोलताय, पहिल्या की दुसऱ्या? चिडतात, पण गाडी रुळावर येते.

प्रत्यक्ष संध्याकाळ

साडेसहाला बोलवा, सात वाजता सुरू होईल. मे महिन्यात घेणार असाल तर गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला चालू असते, तिची वेळ आणि विषय बघून घ्या, निम्मं पब्लिक तिकडेच असतं. एका वक्त्याला सहा मिनिटं, शिट्टी वाजली की बसायचं. मग चिठ्ठीवर लिहून प्रश्न, माईक फिरवायचा नाही, माईक हातात आला की माणूस प्रश्न विचारत नाही भाषण करतो. मोबाइलवर शूटिंग नको, रिटायर्ड माणसं मग मोकळी बोलत नाहीत.

सुरुवातीला आणि शेवटी हात वर करून मत घ्या, आणि 'अजून ठरलं नाही' ला पण हात मोजा. सीमा ओलांडण्याच्या त्या विषयावर आमच्याकडे सुरुवातीला 'ठरलं नाही' चे ४ हात होते, शेवटी ११. मी खूश झालो, सेक्रेटरी म्हणाले मग उपयोग काय झाला तुमच्या चर्चेचा.

कुणी तापलाच तर चहा लगेच काढा, वेळेची वाट बघू नका. आणि मुलांना पुढे बसू द्या. मागच्या वेळी आठवीतल्या एका मुलीने विचारलं की ७ मे २०२५ च्या मॉक ड्रिलच्या यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर होतं, मग आपल्या शाळेत सायरन वाजल्यावर कुठे जायचं हे कुणी सांगितलंच नाही, तुमच्यापैकी कुणाला माहितीय का? वक्ते एकमेकांकडे बघत राहिले. दोन्ही बाजूंचे. पुढच्या महिन्याचा विषय तोच घेतलाय, कार्डशीट आणि स्केचपेन माझ्याकडे आहेत, खुर्च्या तेवढ्या कुणीतरी खाली नेऊन ठेवा.